बँड खणात गेला, पण चालणं का थांबलं?

पत्र:

ताई, नमस्कार. माझं वय ४९. गेल्या वर्षी वाढदिवसाला लेकीनं फिटनेस बँड भेट दिला. ती दूर राहते, तिच्या फोनवर माझी पावलं दिसतात. सुरुवातीला फार हुरूप आला. रोज १०,००० पावलं पुरी करायचीच असं ठरवलं आणि सलग २१२ दिवस केली. (पूर्वी शेजारच्या मैत्रिणीबरोबर सकाळी फिरायला जायचे, पण ती हळू चालते, म्हणून एकटी जाऊ लागले.) मध्येच सासूबाई पडल्या. आता त्या चाकाच्या खुर्चीत असतात. रोज संध्याकाळी मी त्यांना तासभर फिरवून आणते. घामाघूम होते, पण बँडवर जेमतेम काहीशे पावलं वाढतात. मग रात्री स्वयंपाकघर ते बाहेरची खोली अशा फेऱ्या मारायच्या. एका रात्री पावणेबाराला ६४० पावलं कमी होती. पाय दुखत होते. मी पलंगावर बसून नुसता हात हलवत राहिले. आकडा पुरा झाला, पण स्वतःचीच इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी बँड काढून खणात टाकला. त्याला पाच आठवडे झाले. सकाळचं चालणंही तेव्हापासून बंद आहे. लेक विचारते, ‘आई, तुझी पावलं का दिसत नाहीत?’ मी सांगते, चार्जर बिघडलाय. माझ्यात चिकाटीच नाही का? बँड परत घालू का? की कुणाला देऊन टाकू?

उत्तर:

नमस्कार. आधी खुर्चीचं बोलते, कारण तुमच्या मनातली बोच तिथून सुरू झाली आहे.

मनगटावरच्या बँडला पाय दिसत नाहीत. त्याच्या आत ॲक्सेलरोमीटर नावाचा एक इवलासा सेन्सर असतो. तो मनगटाचे हेलकावे टिपतो. चालताना आपले हात पुढेमागे होतात, त्या हेलकाव्यांना एक ठरावीक लय असते, आणि ती लय सापडली की बँड त्याला पाऊल म्हणतो. खुर्ची ढकलताना तुमचे दोन्ही हात मुठीवर घट्ट धरलेले असतात. मनगट जवळजवळ स्थिर. तुम्ही एका मोठ्या माणसाचं वजन चढावर रेटत आहात, उतारावर मागे ओढून धरत आहात, खाचखळगा आला की पुढची चाकं हलकेच उचलत आहात, आणि बँडच्या लेखी एक बाई शांत उभी आहे. बाळाची गाडी ढकलणाऱ्या आयांना, सामानाची ढकलगाडी घेऊन फिरणाऱ्यांना, काठीवर किंवा वॉकरवर भार देऊन चालणाऱ्या वृद्धांना अगदी हाच अनुभव येतो.

पलंगावर बसून हलवलेला हात बँडनं पाऊल म्हणून मोजला तोही याच कारणानं. तुम्ही ज्याला लबाडी समजून लाजलात, ती रात्र मला वेगळी दिसते. संध्याकाळी तासभर केलेलं कष्टाचं चालणं वहीत चढलं नव्हतं, आणि रात्री थकलेली बाई ती नोंद भरून काढत होती. तुमच्या खात्यात ६४० पेक्षा कितीतरी जास्त पावलं जमा व्हायची होती. ती कुणी लिहिली नाहीत, एवढंच झालं.

कमी आकडा दिसत राहिला की माणसाचं काय होतं, याचा अभ्यासही झाला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांच्या घड्याळावर त्यांची पावलं मुद्दाम खऱ्यापेक्षा कमी दाखवली. त्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांना खरा आकडा दिसत होता त्यांच्या तुलनेत या लोकांची मनःस्थिती खालावली, स्वतःबद्दलचं मत घसरलं, खाण्याची निवड बिघडली, रक्तदाबही वाढला. तुमच्या बाबतीत कुणी मुद्दाम केलं नाही, पण रोज संध्याकाळी नेमकं हेच घडत होतं. दिवसातलं सगळ्यात जड काम करून यायचं आणि मनगटाकडे बघून ‘आज काही केलंच नाही’ असं वाचायचं. मन खचणारच.

आता चिकाटीचं. सिंगापूरमध्ये ८०० नोकरदारांवर वर्षभर चाललेला एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बँड दिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी सहा महिन्यांच्या आत तो वापरणं सोडलं होतं, आणि वर्ष संपताना जेमतेम १० टक्के लोक तो लावत होते. ही माणसं आळशी नव्हती. बँड फुकट मिळाला होता, काही गटांना तर चालण्याबद्दल पैसेही मिळत होते. त्याच वर्षी गार्टनर या संस्थेनं ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका मिळून साडेनऊ हजारांवर लोकांना विचारलं, तेव्हा फिटनेस ट्रॅकर घेतलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी तो बाजूला ठेवलेला निघाला. कारणं साधी होती: उपयोग वाटेना, कंटाळा आला, किंवा मोडला. तुम्ही सात महिने एकही दिवस न चुकवता चाललात, त्यातही घरात आजारपण असताना. चिकाटीचा प्रश्न मी इथेच मिटवून टाकते.

पण एक प्रश्न उरतो आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. बँड सुटला हे समजतं. चालणं का सुटलं?

त्याआधी माणसं बँड का सोडतात आणि का ठेवतात, हे थोडं नीट बघू. या सदराकडे या विषयावर बरीच पत्रं येतात, त्यामुळे मला यातले तऱ्हेतऱ्हेचे लोक माहीत आहेत.

काही जण सोडतात ते किरकोळ त्रासामुळे. दर चार दिवसांनी चार्जिंग, पट्ट्याखाली घाम साचून उठलेली लाल खाज, झोपेत टोचणारं बक्कल, फोन बदलला की न जुळणारं ॲप. यात मानसशास्त्र शोधायला जाऊ नये. एकदा चार्जिंगला लावला आणि घालायचा राहिला, की दोन दिवसांनी मनगटाला त्याची आठवणही राहत नाही. पट्टा सैल ठेवा, आंघोळीनंतर मनगट आणि पट्टा दोन्ही कोरडे करा, रोज त्याच वेळी वीसेक मिनिटं चार्ज करा, एवढ्यानं यातल्या पुष्कळांचं भागतं.

काही जण सोडतात ते त्यांचं शिकून झालं म्हणून. याबद्दल फार कमी बोललं जातं. २०१५ साली काही संशोधकांनी क्रेगलिस्ट या संकेतस्थळावरच्या, आपला ट्रॅकर विकायला काढणाऱ्या लोकांच्या जाहिराती गोळा करून वाचल्या. अपयश, आळस असंच हाती लागेल असं कुणालाही वाटलं असतं. पण बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, की ठरवलेलं साधलं, आता गरज नाही, किंवा आयुष्य बदललं. दोन-तीन महिने बँड घातला की माणसाला आपला दिवस कळतो. कामाच्या दिवशी आपण किती चालतो, सुट्टीच्या दिवशी किती, पाहुणे आले की किती, हे न बघताही सांगता येतं. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे ते रोज कशाला बघायचं? असा माणूस बँड काढून ठेवतो तेव्हा त्यानं काहीच गमावलेलं नसतं.

आणि काही जण तुमच्यासारखे. त्यांचं आयुष्य बदलतं, पण बँडवरचं टार्गेट तेच राहतं. घरात कुणी आजारी पडतं, नोकरीची वेळ बदलते, गुडघा दुखायला लागतो, आणि मनगटावरचा आकडा मात्र पहिल्या उत्साहाच्या दिवशी ठरवलेला असतो. बँडला तुमच्या घरात काय झालं हे कळायला मार्ग नाही. ते आपण त्याला सांगायचं असतं, म्हणजे टार्गेट खाली आणायचं असतं. पण टार्गेट खाली आणणं म्हणजे हार मानणं, असं आपल्याला वाटतं. मग आपण ते तसंच ठेवतो, रोज हरतो, आणि शेवटी पट्टाच काढतो.

त्यात ती सलग दिवसांची मोजणी, ज्याला मुलं स्ट्रीक म्हणतात. मला ती अजिबात आवडत नाही आणि हे मी स्पष्टच सांगते. पहिल्या महिन्यात ती मदत करते यात शंका नाही. पण २१२ व्या दिवशी तुम्ही चालायला उठत नव्हता, २११ दिवस वाया जाऊ नयेत म्हणून उठत होता. खरं तर एका चुकलेल्या दिवसानं आधीचे २११ पुसले जात नाहीत. पायांतली ताकद, हृदयाला झालेला फायदा हे सगळं शरीरात जमा झालेलं असतं. फक्त पडद्यावर शून्य दिसतं. ते शून्य मनावर इतकं बसतं की माणूस दुसऱ्या दिवशी उठतच नाही.

मग बँड टिकवणारे कोण? माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आहे. डॉक्टरांनी त्यांना चालताना नाडीचे ठोके अमुक एका मर्यादेखाली ठेवायला सांगितलं आहे. ते चालता चालता मनगट वळवतात, आकडा बघतात, जास्त वाटला तर वेग कमी करतात. पाच वर्षं झाली, बँड सुटलेला नाही. त्यांना पावलं किती झाली ते विचारलं तर सांगता येत नाही, त्यांनी तो रकानाच कधी उघडलेला नाही. त्यांचा बँडला एकच प्रश्न असतो आणि तो रोज नव्यानं पडतो, कारण शरीर रोज वेगळं असतं. मॅरेथॉनची तयारी करणारे, ऑपरेशननंतर हळूहळू चालणं वाढवणारे, दिवसभर बैठं काम असल्यामुळे तासातासाला उठवणारं कुणी हवं असलेले, यांचंही तसंच. आणि एक मोठा गट असा, की ज्यांना वेळ बघायला, फोन आला की कळायला ते घड्याळ हवं असतं. पावलं मोजली जातात ती आपली जाता जाता. असे लोक वर्षानुवर्षं घालतात आणि त्याचा त्यांना काही ताप नसतो.

म्हणजे बँड टिकायचा तर त्याला विचारायला एक जिवंत प्रश्न लागतो. तुमचा प्रश्न काय होता? पत्रात मला एवढंच दिसलं: ‘आज १०,००० झाली का?’

हा आकडा आला कुठून तेही सांगते. टोकियोत १९६४ साली ऑलिंपिक झालं आणि जपानमध्ये चालण्या-फिरण्याची हौस वाढली. १९६५ साली तिथल्या एका घड्याळ कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मान्पो-केइ’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव लोकांच्या तोंडी बसलं, आकडा जगभर गेला. कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून तो निघालेला नव्हता. प्रयोग फार पुढे झाले. २०१९ साली अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि फायदा साधारण ७,५०० पर्यंत वाढत जाऊन तिथे स्थिरावला. २०२२ साली अशा पंधरा अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. साठीच्या आतल्यांसाठी हा फायदा ८,००० ते १०,००० च्या दरम्यान स्थिरावतो, असं त्यात दिसलं. म्हणजे तुमच्या वयाला १०,००० हा आकडा चुकीचा नाही. पण ९,३६० पावलांनी काहीच साधत नाही आणि १०,००० नं सगळं साधतं, असली रेघ शरीरात कुठेही नाही. शेवटच्या ६४० पावलांसाठी दुखऱ्या पायांनी रात्री जागण्यापेक्षा तुम्ही झोपला असतात तर शरीरानं दुवाच दिला असता.

बँडनं काहीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. २०२२ सालच्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं, की असे ट्रॅकर वापरणारे दिवसाला सरासरी १,८०० पावलं जास्त चालतात. हे थोडं नाही. वजनाच्या बाबतीत मात्र फरक किलोभराचा. तुम्हाला चालतं केलं ते बँडनंच, आणि त्याबद्दल लेकीचे आभार मानायला हवेत. जाता जाता एक: त्यावर दिसणाऱ्या कॅलरींवर विसंबून काही ठरवू नका. स्टॅनफर्डमध्येच २०१७ साली सात उपकरणं तपासली, त्यातल्या सहांचे हृदयाचे ठोके पाच टक्क्यांच्या आत बरोबर होते, पण कॅलरींचा आकडा सगळ्यात चांगल्या उपकरणातही २७ टक्क्यांनी चुकत होता.

आता चालणं का सुटलं त्याकडे येते. तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात आहे. मैत्रीण हळू चालते म्हणून तुम्ही एकट्या जाऊ लागलात. ते वाक्य तुम्ही असं लिहिलंय जसं काही ते महत्त्वाचं नाही, आणि मी पत्र तीनदा वाचलं तेव्हा मला वाटलं, सगळं पत्र त्या कंसात आहे.

बँड यायच्या आधी तुम्ही चालत होतात. कुणी मोजत नव्हतं, तरी जात होतात. मैत्रीण खाली उभी असायची, बोलायला मिळायचं, सकाळ बरी जायची. मग मोजणी आली. मोजणीला गप्पा दिसत नाहीत, तिला फक्त वेग आणि संख्या दिसते. हळू चालणारी मैत्रीण त्या हिशेबात अडचण ठरली. तुम्ही वाईट वागलात असं मी म्हणत नाही. आकडा समोर असला की माणूस त्याच्या सोयीनं वागतो, तो कुणीही असो. पण त्या दिवसापासून तुमच्या चालण्याला एकच कारण उरलं. बाकीची सगळी गळून पडली. बँड काढला तेव्हा ते शेवटचं कारणही गेलं, आणि सकाळी उठून बाहेर पडावं असं काही उरलंच नाही.

हे फक्त तुमच्या बाबतीत घडलेलं नाही. १९७३ साली अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला. ज्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यांच्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर बक्षीस मिळेल. बक्षीस दिलंही. एक-दोन आठवड्यांनी बघितलं, तर तीच मुलं आपण होऊन चित्राकडे कमी वळत होती. चित्र काढणं हे आता बक्षिसाचं काम झालं होतं. २०१६ साली जॉर्डन एटकिन या संशोधिकेनं मोजणीबद्दल तसंच दाखवलं. चालणं, वाचन, चित्र रंगवणं अशा आवडीच्या गोष्टी मोजायला लावल्या की माणसं त्या जास्त करतात, पण त्यातला आनंद घटतो, आणि मोजणी काढून घेतली की न मोजणाऱ्यांपेक्षाही कमी करतात. सिंगापूरच्या त्या अभ्यासातही पैसे मिळणाऱ्यांची पावलं सहा महिने वाढली. पैसे थांबले, वाढ ओसरली.

म्हणून माझा सल्ला असा, की आधी मैत्रिणीकडे जा. बँडचं नंतर बघू. आठवड्यातून तीन सकाळी तिच्याबरोबर, तिच्या वेगानं. ‘तू हळू चालतेस म्हणून मी येईनाशी झाले’ हे तिला कळलंच असणार. एकदा तोंडानं सांगून टाका, ‘आकड्याच्या नादात तुला मागे टाकलं, चुकलंच माझं.’ मैत्रिणी असं बोललेलं मनात धरून ठेवत नाहीत. आणि हळू चालण्यानं व्यायाम बुडेल ही भीती नको, कारण तुमचा दमवणारा व्यायाम संध्याकाळी होतोच आहे.

तो कसा ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे की प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. ती सलग हवी असंही नाही, घरकामातली हालचालही धरली जाते. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालता चालता बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत श्वास चढला की ते मध्यम. उद्या खुर्ची ढकलताना सासूबाईंशी बोलता बोलता दोन ओळी गुणगुणून बघा. चढावर नाही जमणार. रोजच्या तासातली अर्धी मिनिटं अशी असली तरी आठवड्याची २१० होतात. शिफारस तिथेच पुरी झाली. फक्त एक काळजी घ्या: खुर्चीच्या मुठी कमरेच्या वर, कोपर किंचित वाकतील अशा उंचीवर हव्यात. खाली वाकून ढकलावं लागत असेल तर पाठ धरेल. मुठी वरखाली होणाऱ्या नसतील तर फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा.

बँड परत घालायचा का? निदान दोन महिने घालू नका. चालणं पुन्हा तुमच्या आणि मैत्रिणीच्या मालकीचं होऊ द्या. त्यानंतर वाटलं तर घाला, पण आधी त्याला काय विचारायचंय ते ठरवून. उदाहरणार्थ, ‘घरात इतकी धावपळ असते, मग माझी खरी सरासरी किती?’ हा चांगला प्रश्न आहे. त्यासाठी आठवडाभर घाला, टार्गेट न ठेवता. खुर्ची ढकलताना तो मनगटावरून काढून मोज्यात खोचा किंवा घट्ट खिशात ठेवा, म्हणजे पायाची हालचाल त्याला कळेल. जी सरासरी येईल तिच्यापेक्षा पाचशे-हजार जास्त एवढंच टार्गेट ठेवा, आणि घरातली परिस्थिती बदलली की तेही बदला. सलग दिवसांची मोजणी दिसणार नाही असं ॲपमध्ये करता आलं तर करा. रात्री नऊनंतरची सगळी नोटिफिकेशन बंद. झोपताना बँड काढून ठेवा. रात्री उठबस करावी लागणाऱ्या घरात सकाळी कमी गुणांचं झोपेचं पत्रक वाचून कुणाचं भलं होत नाही. झोपेच्या आकड्यांची चिंता करकरून झोप बिघडलेल्या लोकांबद्दल डॉक्टरांनी २०१७ सालीच लिहून ठेवलंय.

आता लेक. चार्जरची थाप लवकर संपवा, कारण ती तुम्हाला आतून टोचते आहे हे पत्रावरून कळतं. ती पावलं का बघते याचा विचार केलात का? ती दूर आहे. घरात आजी पडली आहे, आई एकटी सगळं ओढते आहे, हे तिला ठाऊक आहे. फोनवर तुम्ही ‘सगळं ठीक’ म्हणता. तिला ते खरं वाटत नसणार. म्हणून ती आकडा बघते. आठ हजार दिसले की तिच्या जिवाला बरं वाटतं, शून्य दिसलं की घोर लागतो. तिला तुमचा व्यायाम तपासायचा नाही, आई धड आहे ना एवढंच बघायचं आहे. मग तिला ते दुसऱ्या वाटेनं द्या. सांगा, ‘बँड काढून ठेवलाय, त्यानं मला त्रास व्हायला लागला होता. संध्याकाळी सहाला मी आजीला घेऊन बाहेर असते, तेव्हा फोन कर. स्पीकरवर ठेवते, तिघी बोलू.’ त्या फोनवर तिला तुमचा चढलेला श्वास ऐकू येईल, सासूबाईंची कुरकुर ऐकू येईल, मधेच ‘थांब गं, खड्डा आहे’ ऐकू येईल. आलेखात यातलं काही उमटत नाही.

हात हलवल्याची ती रात्रही तिला सांगा, जमलं तर. मला वाटतं ती रडेल, आणि पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा खुर्ची ती ढकलेल.

देऊन टाकायचा का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. दोन महिने थांबा, मग ठरवा. तोवर खणात ठेवताना तो पूर्ण उतरलेला ठेवू नका. या छोट्या बॅटऱ्या तळाला जाऊन तशाच पडून राहिल्या की पुढे चार्ज धरेनाशा होतात. अर्धा चार्ज करून, बंद करून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बघा. आणि द्यायचाच ठरला तर आधी ॲपमधून तुमचं खातं त्यापासून वेगळं करा, बँड रीसेट करा, लेकीच्या फोनवरची जोडणीही काढा. नाहीतर घेणारीची पावलं तिला तुमची म्हणून दिसत राहतील.